बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव: आफ्रिकेतील ग्रामीण रुग्णालये माता कशा वाचवू शकतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार मातामृत्यू झाले. त्यांपैकी जवळपास ७० टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत झाले. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे.

रक्तस्राव का होतो?

वार पडल्यावर गर्भाशय आकुंचन पावून घट्ट होते आणि उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. गर्भाशय सैल राहिले, वारेचा तुकडा आत राहिला किंवा जननमार्गाला जखम झाली, तर रक्त वाहत राहते. निरोगी स्त्रीची प्रकृतीही काही तासांत गंभीर होऊ शकते.

ग्रामीण रुग्णालयांतील अडचणी

रुग्णालयात जाण्याचा निर्णय उशिरा होतो, वाहन मिळत नाही आणि पोहोचल्यावरही उपचार सुरू व्हायला वेळ लागतो. अनेक ठिकाणी रक्तपेढी जवळ नसते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते, पण वीज सतत जाते. शिवाय नुसत्या नजरेने अंदाज केला तर गेलेले रक्त बहुधा कमीच वाटते.

काय उपयोगी ठरले?

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर मातेखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजले गेले. (अशी पिशवी त्याआधी बेळगाव जिल्ह्यातील अभ्यासातही वापरली गेली होती.) रक्तस्राव जास्त दिसताच पुढील उपचार एकापाठोपाठ न करता एकत्रच सुरू केले:

- गर्भाशयाला पोटावरून मसाज
- गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध
- ट्रानेक्सॅमिक ॲसिड
- शिरेतून सलाईन
- रक्त कुठून येते याची तपासणी आणि गरज पडल्यास पुढचे उपचार

नेहमीच्या पद्धतीत सुमारे निम्म्याच स्त्रियांचा अतिरक्तस्राव वेळेत ओळखला गेला, तर या पद्धतीत ९३ टक्के स्त्रियांचा. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. यातील बहुतेक गोष्टी प्रशिक्षित नर्स लगेच सुरू करू शकते, म्हणून लहान रुग्णालयासाठी ही पद्धत मोलाची आहे.

तुम्ही काय लक्षात ठेवावे?

हे शरीरशास्त्र सगळीकडे सारखेच आहे. प्रसूती रुग्णालयातच करा आणि त्यानंतर निदान २४ तास तिथेच राहा. घरी आल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, मोठ्या गाठी जाणे, चक्कर, छातीत धडधड किंवा थंड घाम यांपैकी काहीही जाणवले, तर "बाळंतपणात एवढे रक्त जातेच" असे म्हणून थांबू नका. महाराष्ट्रात असाल तर १०८ वर फोन करून बाळंतिणीला लगेच रुग्णालयात न्या. ट्रानेक्सॅमिक ॲसिडचा फायदा प्रसूतीनंतर पहिल्या ३ तासांतच होतो आणि उशीर होईल तसा तो कमी होत जातो.