हातात येण्याआधी बाजूला पडलेला पैसा



नवी मुंबईचं एपीएमसी मार्केट आपल्यातल्या पुष्कळजणींना ऐकून माहीत आहे. सातारा-सांगलीच्या गावांतून कुणाचा भाऊ, कुणाचा दीर तिथे पोती उचलायला गेलेला असतो. आज आम्ही सांगणार आहोत ती त्या मजुरीतून मागे राहणाऱ्या पैशाची गोष्ट.

हा बाजार पूर्वी मुंबई शहरात होता. हमालाला दिवसाची मजुरी मिळे. पाठ मोडली की हातात काही नाही. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्हीही भरायची, असं ठरलं. त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी उभी राहिली. १९८० नंतर बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आला, तशी ही रीतही आली. हातात न आलेला पैसा खर्च होत नाही, म्हणून तो म्हातारपणी कामाला आला.

पण कांदे निवडणारी, खुरपायला जाणारी बाई मजुरी थेट हातात घेते. तिच्यासाठी कोण बाजूला काढणार? तिचं तिनेच.

त्यासाठी जागा जुनीच आहे. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून आहे. १९६८ साली पीपीएफ आलं. ते मुलाच्या नावानेही काढता येतं. लेकींसाठीची सुकन्या समृद्धी योजना २२ जानेवारी २०१५ ला हरियाणातल्या पानिपतला सुरू झाली. २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३४ मुली होत्या. आपल्या महाराष्ट्रात ८९४. म्हणजे आपणही फार पुढे नव्हतो.

मुलगी दहा वर्षांची होण्याआधी आई स्वतः हे खातं काढू शकते. सुरुवातीला वर्षाला किमान हजार रुपये लागत. २०१८ पासून अडीचशे पुरतात. पंधरा वर्षं भरायचे, एकविसाव्या वर्षी खातं पूर्ण होतं. महिना पाचशे भरले तर भरणा नव्वद हजार होतो. व्याज ८.२ टक्के राहिलं, तर हाती पावणेतीन लाखांच्या आसपास येतात. व्याजदर मात्र सरकार बदलू शकतं.

करात सूट मिळते म्हणून नोकरदार वर्षाला दीड लाखापर्यंत भरतात. आपल्याला कर नसेल, तर त्या सुटीचा उपयोग नाही. आपला फायदा कुलपात आहे. ते पैसे बी-बियाण्याला किंवा कुणाच्या उधारीला निघत नाहीत.

एक गोष्ट मात्र घरात आधीच बोलून ठेवा. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढता येते. अठरानंतर लग्नासाठी खातं बंदही करता येतं. दोन्ही दारं कायद्याने उघडी आहेत. आधी कोणतं उघडायचं, हे मांडव पडण्याआधी ठरवायचं असतं. आणि अठराव्या वर्षानंतर खात्यावर सही लेकीचीच चालते, हे तिला आजच सांगा.

पुढच्या बैठकीला येताना लेकीचा जन्मदाखला सोबत आणा. दहा वर्षं उलटलेली नसतील, तर आपण मिळूनच पोस्टात जाऊ.