स्वयंमूल्यमापन: अहवाल कुणासाठी?

विद्यापीठाचं स्वयंमूल्यमापन म्हटलं की आपल्यासमोर फायलींचा ढीग उभा राहतो. पण या कल्पनेला इतिहास आहे, आणि त्यात आपला बुलडाणा जिल्हाही आहे.

नागपूर विद्यापीठ 1923 साली स्थापन झालं. पुढे आपली महाविद्यालयं त्यालाच जोडलेली होती. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. बुलडाणा शहराला रेल्वे नाही. आधी मलकापूर गाठायचं, मग गाडी. विद्यापीठाचं एखादं काम निघालं की पोराचे दोन दिवस मोडायचे. 1 मे 1983 ला अमरावती विद्यापीठ सुरू झालं आणि हे अंतर निम्म्याच्या आसपास आलं. मैलांचा प्रश्न थोडा सुटला. पण विद्यापीठ विद्यार्थ्याच्या किती जवळ आलं, हे कोण मोजणार?

1986 च्या शैक्षणिक धोरणाने गुणवत्तेचा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि 1994 मध्ये बंगळुरूला ‘नॅक’ उभी राहिली. निकष सात. संस्थेने आधी स्वतःबद्दल लिहायचं, मग बाहेरच्या समितीने येऊन पाहायचं. हा क्रम आम्हाला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा वाटतो: दुसऱ्याने तपासण्याआधी आपण आपल्याला तपासावं. 2017 च्या नव्या पद्धतीत आकड्यांचं वजन वाढलं. आकडे हवेतच, नाहीतर नुसत्या गप्पा होतात. मात्र आकडा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो.

आपल्या जिल्ह्याचे प्रश्न त्यात येतात का? शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, पिण्याची पंचाईत. आमच्या रसायनशास्त्राच्या विभागांनी तिथल्या किती विहिरी तपासल्या, आणि निकाल गावाला सांगितला का? लोणारचं सरोवर पाहायला जगभरचे अभ्यासक येतात. आपले किती विद्यार्थी तिथे वही घेऊन जातात?

पुढे या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. बाबा शाळेत शिकले नव्हते. गावात आले की आधी झाडू हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. हे नाव मिरवायचं तर आपल्या अंगणातला कचरा अहवालात दिसला पाहिजे. रिकामी पदं, ओस वर्ग, कुलूप लावलेली प्रयोगशाळा हे सगळं जसं आहे तसं लिहावं. लपवलं तर श्रेणी कदाचित मिळेलही, पण पुढच्या पाच वर्षांचं नियोजन खोट्या पायावर होईल आणि त्याची किंमत संग्रामपूरचं लेकरू मोजेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अहवाल बंगळुरूला पाठवण्याआधी मराठीत काढावा आणि महाविद्यालयाच्या आवारात पालकांपुढे वाचून दाखवावा. त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत. नियोजनाची सुरुवात त्या प्रश्नांपासून व्हावी.