शिक्षकाचे व्रत आणि संघटनेचे प्रयोजन

गोमंतकाच्या शैक्षणिक इतिहासाविषयी लिहिताना संस्थांच्या स्थापनेच्या सनावळ्या, देणगीदारांचे औदार्य आणि विद्यार्थ्यांची वाढती संख्या एवढ्यावर आपण बहुधा समाधान मानतो. त्या संस्थांत काम करणाऱ्या शिक्षकाला वरिष्ठांकडून जाच झाला, तर त्याने दाद कोठे मागावी, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. आमच्या मते तो इतिहासाचाच प्रश्न आहे. विद्यापीठांत व महाविद्यालयांत आज दिसणारी शिक्षकाची असहायता एकाएकी उत्पन्न झालेली नाही. तिच्यामागे एका थोर शब्दाचा दीर्घ प्रवास आहे. तो शब्द म्हणजे 'व्रत'.

हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या उदाहरणाने. १८८४ साली ही संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. तेथील आजीव सभासद अल्प वेतनावर अध्यापन करीत आणि संस्थेचा कारभारही तेच पाहत. त्यांचा त्याग खरा होता. परंतु तो स्वतः स्वीकारलेला होता, आणि त्याग किती करावा हे ठरविण्याचा अधिकारही त्यांच्याच हाती होता. नियमांवरून मतभेद विकोपास गेले, तेव्हा टिळकांनी १८९० साली राजीनामा दिला. तो वाद कटू होता खरा; तथापि तो बरोबरीच्या माणसांमधील वाद होता. कोणी कोणाचा धनी नव्हता.

पुढे शिक्षणाचा विस्तार झाला, तशी ही रचना पालटली. कारभार संस्थाचालकांकडे गेला आणि शिक्षक वेतनभोगी सेवक झाला. भाषा मात्र जुनीच राहिली. ज्याच्या हाती कारभार उरला नव्हता, त्यालाच 'आपण व्रतस्थ आहात' असे सांगितले जाऊ लागले. पूर्वी जो शब्द शिक्षक स्वतःविषयी उच्चारी, तो आता दुसरा कोणी त्याला ऐकवू लागला. या एका फरकात पुढील सर्व दुःखाचे बीज आहे, असे आम्हांस वाटते.

गोव्यात उच्च शिक्षणाचा प्रसार झाला तो या स्थित्यंतरानंतर. पोर्तुगीज अमदानीत पणजीचे वैद्यकीय विद्यालय (१८४२) आणि लिसेव (१८५४) या जुन्या संस्था होत्या. परंतु कला व विज्ञान शाखांची पहिली महाविद्यालये निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ साली: पणजीचे धेंपे महाविद्यालय आणि मडगावचे चौगुले महाविद्यालय. खाणी व जहाजवाहतूक यांत उदयास आलेल्या घराण्यांनी ही विद्यामंदिरे उभारली, हे त्यांचे ऋण गोमंतक विसरणार नाही. मात्र येथे शिक्षक आरंभापासूनच सेवक होता. कारभारी असलेल्या शिक्षकांची पिढी गोव्याने पाहिलीच नाही. शिवाय संघटनेची परंपराही नव्हती. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या राजवटीने १९३३ साली संपाला बंदी केली होती, आणि गोव्यात तर साधी सभा भरविण्यासही परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी मोडली ती हीच बंदी.

याच काळात मुरगाव बंदरात काय घडत होते, ते शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. गोदीतील कामगार हा परंपरेने रोजंदारीचा मनुष्य. सकाळी टोळी निवडली जाई. मुकादमाची मर्जी असेल त्याला काम, नसेल त्याने घरी जावे. स्वतंत्र भारतात १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि मुक्तीनंतर, १९६५ साली, मुरगावसाठी रोजगार नियमनाची योजना लागू झाली. तीमुळे कामगाराचे नाव नोंदवहीत आले. अशा योजनांच्या मंडळांवर सरकार व मालक यांच्याबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी बसत. शिक्षा करावयाची तर आरोप सांगावा लागे, उत्तर ऐकावे लागे आणि वर अपीलही असे. मुकादमाची मर्जी संपली असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मर्जीवर बोट ठेवण्याची जागा निर्माण झाली. हे कामगार संघटनांच्या रेट्यावाचून घडले नसते.

शिक्षकाच्या वाट्याला मात्र वेगळाच न्याय आला. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या दोन बसचालकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी दिलेल्या निर्णयाचे सार असे की, विद्यापीठ हा 'उद्योग' नव्हे. कारण त्याचे मुख्य कार्य शिक्षक करतात, आणि शिक्षक हा काही कामगार नव्हे. शिक्षकाच्या प्रतिष्ठेपायी चालकांचाही न्याय अडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हेच विद्वान न्यायमूर्ती १९६७ पासून मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. गोव्यातील महाविद्यालये तेव्हा त्याच विद्यापीठाशी संलग्न होती. गोवा विद्यापीठ स्थापन झाले ते १९८५ साली.

१९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय फिरविला आणि शिक्षणसंस्थांनाही 'उद्योग' या व्याख्येत घेतले. शिक्षकांना वाटले, दार उघडले. ते उघडले नाही हे सिद्ध झाले ते गोव्याच्याच प्रकरणाने. एका खासगी शाळेतील शिक्षिकेची सेवा १९७५ साली समाप्त करण्यात आली. तिने औद्योगिक विवाद उपस्थित केला. समेटाचा यत्न फसला. ती 'कामगार' नाही या कारणाने सरकारने प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठविण्याचे नाकारले. उच्च न्यायालयाने १९८३ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली तोच अर्थ कायम केला. अध्यापन हे अंगमेहनतीचे, तांत्रिक वा कारकुनी काम नसून ते एक उदात्त ध्येयकार्य आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. संस्थाचालक शिक्षकांचे शोषण करतात आणि त्यांच्यासाठी योग्य यंत्रणा हवी, हेही न्यायालयाने मोकळेपणाने म्हटले. परंतु तेरा वर्षे वाट पाहिलेल्या त्या शिक्षिकेला औद्योगिक न्यायाधिकरणाचा उंबरठा ओलांडता आला नाही. संस्था उद्योग ठरली, तिचा शिपाई, चालक व कारकून कामगार ठरले, आणि ज्याच्यासाठी संस्था उभी आहे तो शिक्षक तेवढा बाहेर राहिला. व्रताचा गौरव झाला आणि त्याच गौरवाने दार लावून घेतले.

या पोकळीची भरपाई काही अंशी झाली. गोव्यात १९८४ साली शालेय शिक्षण कायदा झाला. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि पुढे २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने न्यायाधिकरण व तक्रार निवारण समिती यांची तरतूद केली. लैंगिक छळापुरता विशाखा निर्णय १९९७ साली आला आणि त्यावरून २०१३ साली कायदा झाला. परंतु न्यायाधिकरणाची खरी धार बडतर्फी, पदावनती अशा मोठ्या आघातांवर चालते. विद्यापीठातील जाच बहुधा त्याहून बारीक असतो. वेळापत्रकात पहिला आणि शेवटचा तास एकाच माणसाला येतो. रजेचा अर्ज टेबलावर पडून राहतो. पदोन्नतीची कागदपत्रे 'त्रुटी' दाखवून परत येतात. सभेत सर्वांदेखत उणे शब्द ऐकावे लागतात. प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर क्षुल्लक, सर्व मिळून पाहिल्या तर माणूस खचविणारी. तक्रार करावी, तर ती 'योग्य मार्गाने' म्हणजे बहुधा त्याच वरिष्ठाच्या टेबलावरून पुढे जावी लागते. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाला तर छळण्याचीही गरज नसते. पुढच्या सत्रात त्याला बोलाविले नाही, की झाले.

स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञाने अशा साचत जाणाऱ्या छळाचा अभ्यास केला आणि १९९३ साली त्या देशाने त्याविरुद्ध नियम केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली कामाच्या ठिकाणच्या हिंसा व छळाविषयी करार संमत केला. दोन्हींचा मथितार्थ एकच: असा जाच हा स्वभावांचा झगडा म्हणून सोडून देता येत नाही, तो टाळणे ही मालकाची जबाबदारी आहे.

येथे संघटनेचे प्रयोजन स्पष्ट होते. आमच्याकडील प्राध्यापक संघटनांनी मोठे लढे दिले. १९८७ चा देशव्यापी संप आणि २०१३ चा महाराष्ट्रातील परीक्षाकामावरील बहिष्कार ही त्यांची ठळक उदाहरणे. हे लढे मुख्यतः वेतनाचे व सेवाशर्तींचे होते, आणि ते आवश्यकच होते. परंतु वेतनाचा प्रश्न सर्वांचा असतो, म्हणून सर्व एकत्र येतात. जाच एकट्याचा असतो, म्हणून शेजारच्या खोलीतील सहकारीही मान खाली घालून जातो. शिवाय विद्यापीठात जाच करणारा विभागप्रमुख आणि जाच सोसणारा कनिष्ठ हे दोघेही पुष्कळदा एकाच संघटनेचे वर्गणीदार असतात. तेथे संघटनेची कसोटी लागते. ज्येष्ठ सभासद दुखावेल म्हणून ती गप्प राहिली, तर गोदीतल्या मुकादमाचीच ती दुसरी आवृत्ती ठरेल.

म्हणून आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, संघटनेने तीन कामे आपली मानावीत. तक्रारदाराबरोबर चौकशीस एक माणूस धाडावा, म्हणजे तो एकटा पडणार नाही. घडलेल्या लहानसहान गोष्टींची तारीखवार नोंद ठेवण्यास त्याला साह्य करावे, म्हणजे क्षुल्लकांतून एक पुरावा उभा राहील. आणि तासिका शिक्षकाला पूर्ण सभासदत्व द्यावे, कारण आज मर्जीवर जगणारा तोच आहे. या कामांना कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

व्रत हा शब्द टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. ज्या पिढीने तो अर्थपूर्ण केला, तिच्या हाती संस्थेचा कारभार होता, एवढेच स्मरण ठेवावे. मुरगावच्या हमालाला जे अपील मिळाले, ते मागताना प्राध्यापकाला कमीपणा वाटू नये. निर्भय नसलेला शिक्षक विद्यार्थ्याला निर्भयपणे विचार करावयास शिकवू शकत नाही. आणि तसे शिकविणे हेच जर त्याचे व्रत असेल, तर दाद मागण्याचा हक्क हे त्या व्रताचे पहिले साधन होय.