दोन हंगाम, एकच पोरं

खो-खोच्या मैदानाला फार काही लागत नाही. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद सपाट जागा, दोन टोकांना कमरेहून थोडे उंच लाकडी खांब, रेघा मारायला फक्की, एक शिट्टी. खेळाडू अनवाणी असले तरी चालतं. क्रिकेटच्या एका चांगल्या बॅटच्या पैशात अख्खा संघ उभा राहतो. गरीब तालुक्यासाठी याहून सोयीचा खेळ शोधून सापडणार नाही.

माजलगाव तालुक्यातल्या एखाद्या गावच्या शाळेत संघ उभा करणं त्यामुळे सोपंच असतं. अवघड असतं ते दिवाळीनंतर तो टिकवणं. कारण इथल्या पोरांच्या वर्षावर दोन हंगामांचा हक्क आहे, एक खेळाचा आणि दुसरा उसाचा. दोन्ही हंगाम वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांनी ठरवले. ठरवताना माजलगावच्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं.

पुण्यात आखलेली रेघ

खो-खो जुना खेळ. पण त्याला नियमांत बांधलं ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४च्या सुमारास. पुढे बडोद्याच्या जिमखान्याने आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्या नियमांवर काम केलं. मैदानाची मापं, डावांची वेळ, बाद कधी धरायचं, हे सगळं कागदावर आलं. १९५९-६० साली विजयवाड्यात पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापुरात महिलांची.

पुण्यात हे नियम लिहिले जात होते, तेव्हा माजलगाव त्या मुलखात नव्हतंच. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. शाळा, शारीरिक शिक्षणाचे तास आणि आंतरशालेय स्पर्धा ही पुण्या-बडोद्याकडे दोन पिढ्या रुळलेली व्यवस्था इथे उशिरा पोचली. येताना तिने स्वतःचं वेळापत्रकही सोबत आणलं. जूनमध्ये शाळा उघडणार, पावसाळ्यात सराव, सहसा ऑगस्ट-सप्टेंबरला तालुका स्पर्धा, मग जिल्हा, विभाग, राज्य, आणि हिवाळ्यात राष्ट्रीय. वय मोजायचे गटही ठरलेले: १४, १७ आणि १९ वर्षांखालचे.

कारखान्याने आखलेली रेघ

दुसरं वेळापत्रक प्रवरानगरपासून सुरू होतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तिथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१च्या हंगामात साखर निघू लागली. पुढच्या दशकांत नगर, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत कारखान्यांची रांगच लागली. ऊस लावणारे तिथे होते, पण तोडायला हात हवे होते. ते हात बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून आले. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी मळली.

तोडणीच्या कामात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, आणि ती फेडायला जोडी दसरा-दिवाळीच्या आसपास गाव सोडते ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. आज बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसं अशी बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात.

माजलगावला तर धरण आहे. सिंदफणा नदीवरचं हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवा इथे येऊन मिळतो. पाण्याबरोबर ऊस आला, कारखाने आले. तेलगावचा माजलगाव सहकारी साखर कारखाना याच भागातला. पण पाणी सगळ्यांच्या रानात गेलं नाही. कालव्याच्या वर राहिलेली शिवारं, वाड्या, तांडे अजूनही पावसावर आहेत आणि तिथून बैलगाड्या-ट्रॅक्टर अजूनही निघतात. एकाच तालुक्यात ऊस पिकवणारेही आहेत आणि दुसऱ्याचा ऊस तोडायला दोनशे-तीनशे किलोमीटर जाणारेही.

गाळप कधी सुरू करायचं ते मुंबईत मंत्र्यांची समिती ठरवते. २०२२ मध्ये ती तारीख १५ ऑक्टोबर होती, २०२३ मध्ये १ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर. साखरेचा भाव, उसाचं क्षेत्र, निवडणुका असं सगळं त्या बैठकीत पाहिलं जातं. या तारखेने शाळेच्या संघातले किती जण उरतील हेही ठरतं.

जून ते जानेवारी

अशा एखाद्या संघाचं वर्ष महिन्या-महिन्याने पाहू.

जूनमध्ये सगळे असतात. आईबाप हंगामावरून परतलेले, पोरं शाळेत. काळ्या मातीचं मैदान पावसात पायाला चिकटतं, म्हणून मुरूम टाकून दाबून घ्यावं लागतं. जुलैत सर बारा जणांची निवड करतात.

खो-खोत वेगाइतकाच जमलेपणा लागतो. आठ जण पाटीवर एकाआड एक उलट तोंडं करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याला मागे फिरता येत नाही, दिशाही बदलता येत नाही. पळणारा दुसऱ्या बाजूला गेला की खो देणं एवढाच मार्ग. तो खो अर्धा सेकंद लवकर गेला तर नियमभंग, उशिरा गेला तर गडी निसटला. शेजारी कोण बसलंय, तो कोणत्या पायावर उठतो, हे अंगात मुरावं लागतं. संरक्षणातही साखळी कोण चांगली खेळतं, खांबाजवळ कोण टिकतं, यावरून तिघांच्या तुकड्या बांधलेल्या असतात. हे सगळं जुळायला दोन-तीन महिने जातात.

ऑगस्ट-सप्टेंबरात तालुका स्पर्धा होते. संघ पूर्ण असतो. जिंकला तर जिल्ह्याला जातो. आणि जिल्ह्याचे, विभागाचे सामने येतात त्याच दिवसांत गावात ट्रक लागायला सुरुवात होते.

आजी घरी असेल तर पोरगं मागे राहतं. नसेल तर जातं. मागे राहिलेल्यांनाही पाणी, शेरडं, धाकटी भावंडं बघायची असतात, सरावाला वेळ उरत नाही. बारातले तीन गेले तरी कागदावर नऊ उरतात आणि संघ मैदानात उतरू शकतो. पण जुळवलेल्या तुकड्या मोडलेल्या असतात. राज्य स्पर्धेपर्यंत अशा शाळांची नावं यादीत क्वचित दिसतात, त्यामागे पोरांच्या पायांतला दम कमी पडला असंच कारण असेल असं नाही.

मुलींच्या संघाची गळती वेगळी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर पाच स्त्रियांपैकी दोघींहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. तोडीवर वयात आलेली मुलगी उघड्या कोपीत कशी ठेवायची, आणि गावी एकटी तरी कुणाच्या भरवशावर सोडायची, या प्रश्नाचं उत्तर बरेचदा लग्नातच शोधलं जातं. अशी मुलगी १७ वर्षांखालच्या संघातून गेली की पुढच्या जूनमध्येही परत येत नाही.

प्रमाणपत्राची किंमत

कुणी म्हणेल, एक स्पर्धा हुकली तर काय बिघडलं? बिघडतं, कारण वयोगट थांबत नाही. चौदाव्या वर्षीची संधी पंधराव्या वर्षी मिळत नाही. खेळाडूंना दहावी-बारावीत वाढीव गुण आहेत आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत २००५ पासून पाच टक्के आरक्षण आहे. पण ते वरच्या स्तरावरच्या प्रमाणपत्रावर मिळतं. तालुक्याच्या विजयावर फार तर टाळ्या मिळतात.

हे प्रमाणपत्र आयुष्य कसं बदलतं याचं उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात आहे. धाराशिवच्या सारिका काळे गरिबीतून वर आल्या, २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या संघाच्या कर्णधार झाल्या, तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करू लागल्या आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

मग १९ जानेवारी २०२५ हा दिवस आला. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे. कुटुंब मूळचं बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं, पण ती घडली पुण्याकडे. जिल्ह्यात अभिमानाचे फलक लागावेत असाच हा क्षण होता. पण तो जानेवारी होता, ऐन गाळपाचा महिना. ज्या मुलींनी तो सामना बघून उद्या मैदानावर धावत जावं, त्यांतल्या कितीतरी जणी त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या पट्ट्यात वाढं बांधत होत्या.

उपाय कुठे आहे

नव्वदच्या दशकापासून कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवून पाहिल्या गेल्या. त्यांनी पाटी-पेन्सिल सुटू दिली नाही, पण संघ तिथे होऊ शकत नव्हता, कारण स्पर्धेत खेळायला मूळ शाळेच्या पटावर आणि मूळ शाळेच्या मैदानावर असावं लागतं. दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहांचा. पोरांनी गावातच राहायचं आणि दोन वेळचं जेवण शाळेच्या व्यवस्थेतून मिळायचं. संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही २०२१ मध्ये आली. ही वसतिगृहं वेळेवर, म्हणजे ट्रक निघण्याआधी सुरू झाली, तर पोरं थांबतात. महिनाभर उशिरा सुरू झाली तर आईबाप त्यांना घेऊन गेलेले असतात.

खेळाच्या धोरणावर बोलताना आपण सिंथेटिक मॅट, इनडोअर हॉल, परदेशी प्रशिक्षक असलं काही मागतो. माजलगावच्या शाळेतल्या संघाला त्याआधी नोव्हेंबरात रात्रीचं जेवण हवं असतं. बारा ताटं वाढली गेली तर बारा खेळाडू पाटीवर बसतील, आणि मग ते हरले तर निदान समोरच्या संघाकडून हरतील.