गळाला तंगूस बांधावा की विणलेली दोरी?

उजनीसारख्या धरणाच्या कडेला मरळ गळाला लागली की थेट जलपर्णीत घुसते. तिथं एकेरी नायलॉनचा तंगूस तुटतो. विणलेली दोरी त्याच जाडीत जास्त बळकट असते. ती ताणत नाही, म्हणून माशाची हलकी ओढही हाताला लगेच कळते. पण ती पाण्यात दिसते, खडकाला घासून तुटते. हाताला गुंडाळून ओढली तर बोट कापते.

तंगूस स्वस्त आणि पाण्यात कमी दिसणारा. तो ताणतो, त्यामुळं रोहू-कटल्याचा हिसका झेलतो. उन्हात मात्र कमजोर होतो.

थोडक्यात, जलपर्णीत विणलेली दोरी, मोकळ्या पाण्यात तंगूस. पाणी नितळ असेल तर दोरीच्या टोकाला दोन हात तंगूस जोडावा. तुटलेले तुकडे काठावर टाकू नयेत. बगळ्यांच्या पायात अडकतात.