खरे नाही व कबूल नाही

वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचा दावा उभा राहिला की काही तारखांनंतर एक लेखी जबाब दाखल होतो. मृताचे वय, मिळकत, घरात खाणारी तोंडे, अपघाताची जागा, अर्जातल्या जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाला एकच उत्तर : खरे नाही व कबूल नाही. हा जबाब लिहिणाऱ्यांना कोर्टाच्या आवारात ‘कंपनीचे वकील’ म्हणतात. विमा कंपनीच्या पॅनलवर त्यांचे नाव असते. बाकावर बसलेल्या विधवेला हा माणूस आपल्या मुळावर उठलेला वाटतो, आणि तिचे चुकते असे मी म्हणणार नाही. पण या व्यवसायाचे मूळ शोधत मागे गेले तर तो तिच्याच हक्काच्या कायद्यातून निघालेला दिसतो.

एके काळी माणूस मेला की त्याच्या मृत्यूबद्दल भरपाई मागण्याचा हक्कही त्याच्याबरोबर जाई. इंग्लंडात तो नियम १८४६ मध्ये मोडला आणि त्याच धर्तीवर इकडे १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आला. तेव्हा मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. वर्धा शहर वसले १८६६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी पुलगाव-वर्धा ओलांडून रेल्वे नागपूरला पोचली. हक्क कागदावर आला, पण वसुली कुणाकडून? दिवाणी दावा लावा, कोर्ट फी भरा, वर्षानुवर्षे थांबा, आणि शेवटी हुकूमनामा अशा ड्रायव्हरविरुद्ध मिळवा ज्याच्या नावावर काहीच नाही.

ही रिकाम्या खिशाची अडचण १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ओळखली. आठव्या प्रकरणात तिऱ्हाइताच्या जिवासाठी विमा सक्तीचा केला. महायुद्धामुळे ते प्रकरण प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. कंपनीने पैसे भरायचे, मग तिला बाजू मांडायची संधीही हवी, म्हणून कलम ९६ (२) मध्ये तिला घेता येतील असे आक्षेप मोजून दिले : परवाना नव्हता, परवान्याबाहेरचे भाडे मारले, विमा काढताना खोटी माहिती दिली, असे थोडेच. ड्रायव्हर निष्काळजी नव्हता, हे म्हणायचा अधिकार कंपनीला नव्हता. १९५९ मध्ये कॅप्टन इतबार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. म्हणजे या वकिलाच्या धंद्याची पहिली शिदोरी होती ती बोलण्याची परवानगी असलेल्या मुद्द्यांची छोटी यादी. मालक आणि दावेदार संगनमत करत असतील किंवा मालक हजरच होत नसेल, तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने सगळे मुद्दे लढवण्याची वाट १९६९ च्या दुरुस्तीने मोकळी झाली. आजचा ‘कबूल नाही’ एवढा लांबलचक झाला त्याला ही वाट कारण आहे.

दावे ऐकायला स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद १९५६ ची. १ जानेवारी १९७३ ला साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ कंपन्यांच्या चारच राहिल्या. चार कंपन्यांना देशभर जिल्ह्याजिल्ह्यात उभे राहणारे वकील लागले. २००० नंतर खासगी कंपन्याही आल्या. या कामाची वेगळी पदवी नाही. एलएलबी व्हायचे, ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली तारखा घ्यायच्या आणि पंचनामा, घटनास्थळाचा नकाशा, शवविच्छेदन अहवाल वाचायला शिकायचे. गाडी एमएच ३२ ची असली तर परवान्याचा उतारा घेऊन आरटीओच्या कारकुनाला साक्षीला बोलवायचे, कारण परवाना नव्हता हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच असतो.

वर्ध्यात एक शाखा आणखी फुटली, शेतकरी अपघात विम्याची. राज्य सरकारने २००५ पासून शेतकऱ्यांच्या वतीने हप्ता भरला. साप चावून माणूस गेला की वारसाने सातबारा, फेरफार, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल जोडायचा. एक कागद कमी पडला की दावा अडकायचा आणि वारस ग्राहक मंचात जायचा. साप चावलेल्या माणसाला उचलून गाडीत घालणारे घर पुढे कोणता कागद लागेल याचा विचार करत नसते, आणि तिथे कागदासाठी भांडणे मला कधीच पटले नाही. २०२३ मध्ये सरकारने कंपन्या वगळून थेट सानुग्रह अनुदान सुरू केले.

आणि मग ट्रॅक्टर. शेतीकामासाठी विमा काढलेला ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, ट्रॉलीत कापूस वेचायला निघालेल्या बाया किंवा लग्नाचे वऱ्हाड. ट्रॉली उलटली की कंपनीचे वकील पॉलिसी उघडतात : वाहन शेतीचे, प्रवाशांचा हप्ता भरलेला नाही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर नाही, हे आशा राणी प्रकरणात ठरले आहे. आक्षेप कायद्याने बरोबर असतो. मजुरीला निघालेल्या बाईला मात्र दुसरे वाहनच नसते.

यावर न्यायालयांनी काढलेली तोड म्हणजे आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा. परवान्याच्या भंगाबाबत २००४ च्या स्वर्ण सिंग निकालाने तिला बळ दिले, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या काही दाव्यांतही असा आदेश होतो. कंपनी विधवेचे पैसे कोर्टात जमा करते. वेगळा दावा न लावता मालकाकडून ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. तेव्हा जबाब लिहिणारे तेच वकील अर्ज लिहायला बसतात. मालक बहुधा त्याच शिवारातला, चार-पाच एकर कोरडवाहूचा. त्याचा सातबारा काढला जातो, आणि अर्जावर त्याचे म्हणणे मागवले जाते.