प्रश्नाची पाळी

म्युझियमचा इतिहास म्हटला की तेथे ठेवलेल्या वस्तूंचा इतिहास सांगावयाचा, अशी आपल्याकडे चाल आहे. मूर्ती कोणत्या शतकातली, तलवार कोणाची, नाणे कोणी पाडले, हे सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत; ते काम त्यांनीच करावे. आमचे आयुष्य गेले कामगारांच्या संघटनेत. शाळा थोडी झाली. जे काही समजले ते वाचनालयात आणि अशाच व्याख्यानमालांत बसून समजले. म्हणून आम्ही येथे वस्तूंचा नव्हे, तर त्या वस्तूंपुढे येऊन उभ्या राहणाऱ्या माणसांचा इतिहास सांगणार आहोत. या माणसांना तीन गोष्टी एकामागून एक मिळवाव्या लागल्या. पहिली, जाण्यासाठी वेळ. दुसरी, वस्तूला हात लावण्याची मोकळीक. आणि तिसरी, प्रश्न विचारण्याची पाळी. तिसरी सर्वांत अवघड होती, आणि तिच्या कामी एक साधा खेळ आला.

प्रथम वेळेचे पाहू. लंडनचे साउथ केन्सिंग्टन म्युझियम १८५७ साली उघडले, तेव्हा हेन्री कोल यांनी तेथे गॅसचे दिवे लावून संध्याकाळीही दारे उघडी ठेवली. दिवसभर राबणारा माणूस दुपारी कसा येणार, हे त्यांना कळत होते. तरीही सरकारी म्युझियमे रविवारी बंदच असत, कारण तो देवाचा दिवस! ती बंदी उठावयास १८९६ साल उजाडावे लागले. आपल्या मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतले म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांना खुले झाले. गिरण्या तेथून हाकेच्या अंतरावर; पण गिरणीकामगाराला आठवड्याची सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली रविवार पदरात पडला. म्हणजे दार उघडल्यावर अठरा वर्षांनी त्या दाराशी बायकामुलांसह जाण्याची सवड मिळाली.

सवड मिळाली, पण आत काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी. ज्यांचे सारे शहाणपण हातांत, त्यांना हात मागे बांधून शिका म्हणणे ही थट्टाच होय. ही पाटी उतरवण्याच्या कामी जर्मनीतले इंजिनियर ऑस्कर फॉन मिलर यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. त्यांनी १९०३ साली म्यूनिक येथे डॉइचेस म्युझियमची स्थापना केली. नदीतील बेटावरची त्याची स्वतंत्र इमारत १९२५ साली खुली झाली. बटन दाबावे, दांडा फिरवावा आणि यंत्र चालताना पाहावे, अशी तेथे सोय होती. लंडनच्या सायन्स म्युझियमनेही १९३१ साली खास मुलांसाठी दालन उघडले.

ही म्युझियमे पाहून फ्रँक ऑपेनहायमर नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ १९६५ च्या सुमारास भारावून गेला. अणुबाँबच्या कामामुळे जगाला ठाऊक झालेल्या रॉबर्ट ऑपेनहायमर यांचा हा धाकटा भाऊ. एके काळी तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. १९४९ साली चौकशी समितीपुढे त्याने ते स्वतःपुरते कबूल केले, पण सोबत्यांची नावे सांगावयास नकार दिला. विद्यापीठातील जागा गेली; कोलोरॅडोच्या डोंगरात गुरे पाळून त्याने कित्येक वर्षे काढली. पुढे तेथल्याच शाळेत तो मुलांना शिकवू लागला. याच माणसाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडले. तेथे प्रत्येक वस्तू हाताळावयाची, चालवून पाहावयाची. म्युझियममध्ये कोणी नापास होत नाही, असे ऑपेनहायमर म्हणत असत.

हात मोकळे झाले. मग काम संपले काय? नाही. कोणत्याही विज्ञान केंद्रात रविवारी तासभर उभे राहिले तर ध्यानात येते. पोरगा धावत येतो, बटन दाबतो आणि दिवा लागण्यापूर्वी पुढच्या यंत्राकडे पळतो. वडील पाटी वाचून त्याला ऐकवतात. थोरली बहीण दांडा सोडत नाही, धाकटा रडतो. आणि आई? ती पिशवी सांभाळीत कडेला उभी. तिने काही विचारावे असे तिला वाटत नाही आणि दुसऱ्या कोणालाही वाटत नाही. हात सर्वांचे मोकळे. डोके मात्र एकाचेच चालते, किंवा कोणाचेच नाही.

एक्सप्लोरेटोरियमच्या लोकांनी हा दोष झाकून ठेवला नाही. जोशुआ गटविल आणि स्यू ॲलन या संशोधकांनी कुटुंबांसाठी दोन खेळ रचले आणि २०१० साली त्यांची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पहिल्याचे नाव आपण ‘हात बाजूला’ ठेवू. कोणालाही काही सुचले की त्याने ‘हात बाजूला’ म्हणावयाचे. सर्वांनी हात काढून घ्यावयाचे आणि त्याचे ऐकावयाचे. दुसरा ‘रसाळ प्रश्न’. यंत्र थोडे हाताळून झाले की प्रत्येकाने पाळीने एकेक प्रश्न मांडावयाचा. त्यांतून एक निवडून सर्वांनी मिळून प्रयोग करावयाचा, आणि शेवटी काय आढळले ते एकमेकांना सांगावयाचे. प्रश्न रसाळ केव्हा? ज्याचे उत्तर घरातल्या कोणालाच आधी ठाऊक नाही, आणि जे समोरच्या यंत्रावर करून पाहता येते, तेव्हा.

समजा, पुढ्यात एक लंबक आहे. मुलगा विचारतो, गोळा जड लावला तर झोका लवकर येईल का? आई म्हणते, दोरी आखूड केली तर? पाळण्याची दोरी तिने आयुष्यात अनेकदा बांधली आहे. करून पाहिले की कळते, वजनाने काही बिघडत नाही, लांबीने बिघडते. हे पुस्तकातही आहे, खरे. पण येथे ते चौघांनी मिळून मिळवलेले असते आणि त्यातला एक वाटा आईचा असतो.

संशोधकांनी कुटुंबांचे चार गट केले. दोन गटांना हे खेळ शिकवले, दोघांना नाही, आणि आधीचे व नंतरचे वागणे चित्रित करून ताडून पाहिले. खेळ शिकलेली कुटुंबे प्रयोग अधिक चांगले करू लागली, आणि त्यांतही ‘रसाळ प्रश्न’ सरस ठरला. याचे आम्हांला नवल वाटत नाही. पहिल्या खेळात ज्याला धीर आहे तोच ओरडतो. दुसऱ्यात न बोलणाऱ्याचीही पाळी नेमाने येते. सभेत बोलण्याची पाळी लावून दिली नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच सभा होते, हे युनियनच्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारावे.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. एक्सप्लोरेटोरियम २०१३ साली आपली जुनी जागा सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या एम्बार्काडेरो या बंदरकाठच्या १५ क्रमांकाच्या धक्क्यावर गेले. याच बंदरकाठी १९३४ साली गोदी कामगारांचा मोठा संप झाला. रोज पहाटे कामगारांनी घोळका करून उभे राहावयाचे आणि मुकादमाने मर्जीतल्यांना उचलावयाचे, ही तिथली रीत. आपल्याकडच्या गिरणीच्या दारातला बदली कामगार ती ओळखेल. ५ जुलै रोजी दोन कामगार पोलिसांच्या गोळीला बळी पडले. अखेरीस लवादाच्या निवाड्याने भरतीची कचेरी आली आणि काम पाळीने वाटले जाऊ लागले. ज्या काठावर कामाच्या पाळीसाठी रक्त सांडले, तेथेच आज प्रश्नाच्या पाळीचा खेळ रचणारी संस्था उभी आहे. पाळी ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो नियम आहे. आणि नियम असतो तेथेच दुबळ्याला जागा मिळते.

आपल्या मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली उघडले. १९८२ च्या संपानंतर भोवतालच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून मुके होत होते, त्याच काळात. ज्यांच्या बापांनी यंत्रे चालवली, त्यांची मुले-नातवंडे तेथे तिकीट काढून यंत्रे पाहावयास जातात. त्यांनी ती नुसती पाहून परतावे काय? सुटी आजोबा-पणजोबांनी मिळवून दिली, हात लावण्याची मोकळीक शास्त्रज्ञांनी दिली. पाळी मात्र प्रत्येक घराने स्वतःच लावावयाची आहे. त्याला यंत्र नको, शिक्षक नको, इंग्रजीही नको. पुढच्या रविवारी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये, आणि पहिली पाळी पिशवी धरून उभी असेल तिला द्यावी.